लोकाग्रहास्तव निरोप

बाईंनी तिसरा खण जोर लावून ओढला, तर तो अख्खाच हातात आला. गंजलेल्या टाचण्या, डोकेदुखीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि कुठल्याशा मंत्र्याने वाटलेलं, पहिल्या दिवसापासून न उमटणारं पेन असा सगळा ऐवज फरशीवर पसरला. तीस वर्षांच्या नोकरीतून खोक्यात भरण्यासारखं एवढंच निघालं होतं. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि टाचण्या वेचू लागल्या. टाचण्यांचं पुढे काय करायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण हात थांबले असते तर डोळे सुरू झाले असते, आणि समोरच्या टेबलाशी क्रीडापानाचे प्रमुख बसलेले होते.

दैनिकाचा शेवटचा अंक त्याच दिवशी सकाळी निघाला होता. सत्तर वर्षांचं दैनिक बंद होत होतं. मालकांच्या पत्रकात त्याला 'छापील आवृत्तीला सन्मानाची विश्रांती' असं म्हटलं होतं. बाई संपादक, म्हणून पहिल्या पानावरचा निरोपाचा लेख त्यांनी लिहिला. लेख लहानच होता. शेवट असा: 'उद्या सकाळी तुम्ही दार उघडाल तेव्हा उंबऱ्याशी काही पडलेलं नसेल. सवयीने वाकू नका. कंबर जपा.' गेल्या कित्येक वर्षांत जाहिरात विभागाला न विचारता छापलेला त्यांचा हा पहिलाच मजकूर होता.

फोन वाजला. क्रीडाप्रमुखांनी उचलला. त्यांना सगळी कचेरी पंच म्हणायची, कारण चहा फिका झालाय का इथपासून कुणाचं लग्न टिकेल इथपर्यंत प्रत्येक बाबतीत त्यांचा निकाल तयार असायचा.

"बाई, वर बोलावलंय."

"आता काय राहिलंय?"

"केक आहे म्हणे."

"कशाबद्दल?"

पंचांनी खांदे उडवले. "हे तिसऱ्या पंचाला विचारावं लागेल."

वर, बैठकीच्या खोलीत, टेबलावर सकाळचा अंक मांडलेला होता. बाई जवळ गेल्या तेव्हा कळलं की तो अंक नाही, केक आहे. पहिलं पान जसंच्या तसं साखरेच्या पातळ पापुद्र्यावर उतरवलं होतं. दैनिकाचं नाव, ठळक बातमी, कोपऱ्यात हवामान, आणि खाली उजवीकडे चौकटीत बाईंचा लेख. अक्षरं वाचता येत होती. कुणीतरी फार मेहनत घेतली होती.

"या, या बाई!" धाकटे उठून उभे राहिले. धाकटे म्हणजे मालक. थोरले जाऊन बरीच वर्षं झाली होती, खुद्द धाकट्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलून झाल्या होत्या, तरी ते धाकटेच राहिले. "बाई, आपण वाचलो."

"कशातून?"

"अंक संपला! सकाळी नऊला एकाही स्टॉलवर शिल्लक नव्हता. पुन्हा छापला, तोही संपला. लोक रांगा लावून घेतायत. अहो, थोरल्यांच्या काळातही असा खप झाला नव्हता."

त्यांच्या शेजारी वाढपी उभा होता. दोन वर्षांपूर्वी धाकट्यांनी 'वाढ' या विषयासाठी एक प्रमुख आणला आणि त्याच्या दारावर 'वाढप्रमुख' अशी पाटी लावली. तो आल्यापासून दैनिकात फक्त घट होत गेली. पण प्रत्येक बैठकीत तो सगळ्यांच्या पानांत काही ना काही वाढून जायचा, म्हणून कचेरीने त्याचा वाढपी केला. वाढपी आता सुरी घेऊन पुढे झाला. सुरी दैनिकाच्या नावातून खाली उतरली, ठळक बातमीच्या मधोमध थांबली आणि मग हवामानाकडे वळली.

"तुम्हाला तुमचाच भाग देतो," तो म्हणाला, आणि बाईंच्या हातात बशी दिली. बशीत निरोपाचा लेख होता. 'कंबर जपा' वर लोण्याचा एक टिपका पडला होता.

"आपण काय ठरवलंय, बाई," धाकटे ठळक बातमी चावत म्हणाले, "आठवडाभर थांबायचं. आज जाहिरातदारांचे फोनच फोन येतायत. ज्यांनी पाच वर्षं तोंड दाखवलं नाही, त्यांनाही निरोपाच्या अंकात पान पाहिजे. मग आपण काय त्यांचं मन मोडायचं?"

"पण बंद झालं असं आपण छापलंय."

"म्हणून तर," वाढपी म्हणाला. "नाटकवाले नाही का, लोकाग्रहास्तव आणखी काही प्रयोग करतात? तसं, लोकाग्रहास्तव निरोप. येत्या रविवारपर्यंत. आणि रविवारी अकरा वाजता सभागृहात तिकीट लावून सोहळा. तुम्ही तुमचा लेख वाचायचा, पडदा. बस." त्याने अंगठ्यावरचं लोणी चाटलं आणि त्याच अंगठ्याने फोनवरचा आलेख वर सरकवून दाखवला. आलेख खरोखरच वर गेला होता. काचेवर एक चिकट रेघ राहिली.

बाईंनी बशी टेबलावर ठेवली. एका आठवड्याने काय बिघडतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. शिवाय लेख लोकांना आवडला होता. हे ऐकून आनंद झाला नाही असं म्हटलं असतं, तर ते खोटं झालं असतं.

खाली लोक खोकी रिकामी करत होते. मघाशी भरलेल्या वस्तू पुन्हा खणांत जात होत्या. हिशेबातल्या बाईंनी संपादकबाईंना मिठी मारली. "तुमच्या लेखणीने वाचवलं हो आम्हाला!" असं त्या म्हणाल्या. त्या लेख वाचत नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होतं.

---

संध्याकाळी घरी वरच्या मजल्यावरचे काका आले. त्यांच्या हातात अंक होता, नीट घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला, आणि डोळे सुजले होते.

"यावर सही करा वहिनी. नातवंडांना दाखवीन. म्हणेन, आमच्या जिन्यात राहायच्या." एवढं बोलून ते हुंदका देऊन रडले. बाईंचा नवरा आतून पाणी घेऊन आला. काका पाणी प्यायले, पुन्हा रडले, सही सुकेपर्यंत तिच्यावर फुंकर मारत राहिले आणि गेले.

नवरा दातांचा डॉक्टर होता. माणसांना तोंड उघडं ठेवून गप्प बसलेलं पाहण्याची सवय असल्यामुळे तो स्वतः फार बोलत नसे, पण बोलला की नेमकं बोलायचा.

"हे रोज घ्यायचे का गं तुमचा पेपर?"

"नऊ-दहा वर्षांपूर्वी बंद केला. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून."

"मग आता दिसायला लागलं?"

"गप्प बस."

"नाही, मी आपलं विचारतोय. पडलेल्या दाताच्या जागी जीभ सारखी जाते बघ. दात असतो तेव्हा त्याला घासायचाही कंटाळा."

बाईंना हसू आलं. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली. त्यांना वाटलं, रविवारी शेवटचं एकदा वाचायचं, मोकळं व्हायचं. तीस वर्षांत इतकं तरी नशिबी आलं.

---

गुरुवारी दुपारी पुन्हा वर बोलावणं आलं. टेबलावर या वेळी केक नव्हता, चहाचे मग होते. पांढऱ्या मगांवर बाईंच्या अक्षरात छापलं होतं: सवयीने वाकू नका.

"हे अक्षर माझं आहे," बाई म्हणाल्या.

"हो ना, तुमच्या मूळ कागदावरून उचललं. किती जिवंत वाटतं!" वाढपी म्हणाला. "रविवारी सभागृहाच्या दारात विकायला ठेवतोय. सदरेही केलेत. मोठ्या मापाचे संपले."

भिंतीवर वर्षाचं वेळापत्रक लागलं होतं. त्यात तीन ठिकाणी लाल पट्टे होते आणि प्रत्येक पट्ट्यावर 'निरोप' लिहिलेलं होतं. येत्या रविवारी एक, सहा महिन्यांनी एक, वर्षअखेरीस एक.

बाई ते वाचत उभ्या राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या.

"हे काय आहे?"

"नियोजन," धाकटे म्हणाले. त्यांनी मगातून घोट घेतला. "रविवारी तुम्ही वाचाल. लोक भारावतील. सोमवारी आपण जाहीर करू, वाचकांचा रेटा इतका की बंद करवत नाही. मग काही महिने चालवायचं. खप उतरला की परत निरोप. जाहिरातदारांनी पुढच्या वर्षापर्यंतचे करार केलेत, बाई. उगाच नाही."

"म्हणजे आपण बंद होतच नाही आहोत."

"नाही. आनंदाचीच गोष्ट आहे ना!"

"आणि मी रविवारी लोकांसमोर उभं राहून सांगायचं की बंद होतोय."

"त्यात खोटं काय? व्हायचंच आहे की कधीतरी बंद. तुम्ही तारीख धरून बसू नका."

"लोक तिकीट काढून येणार आहेत."

"काढणार नाहीत, काढून झालीत. सगळी खपली," वाढपी म्हणाला. "बाई, आपला माल काय आहे हे आपल्याला सत्तर वर्षं कळलंच नव्हतं बघा. आपण बातमी विकत होतो. बातमी कुणाला पाहिजे? लोकांना आपण जाताना पाहायचंय. चालू आहे म्हटलं की कुणी ढुंकून बघत नाही. जातोय म्हटलं की गाडी करून येतात."

तो हे वाईट हेतूने म्हणत नव्हता. चेहऱ्यावर एखादं गणित सुटलेल्या मुलासारखा आनंद होता. त्यामुळे बाईंना जास्तच राग आला.

"दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा," त्या म्हणाल्या.

"विचार केला होता. मालिकेत त्या आत्या होतात ना, त्यांना विचारलं. त्या रडतात छान. पण लोकांना खरं माणूस लागतं."

धाकट्यांनी मग खाली ठेवला. आवाज खाली आणला. थोरल्यांच्या तसबिरीखाली बसून ते असा आवाज काढत, तेव्हा ते खरोखरच कुणाचे तरी मुलगे वाटत. "मी दबाव टाकत नाही, बाई. तुम्ही थोरल्यांच्या वेळच्या. तुम्हाला पटत नसेल तर नाही वाचायचं. सोहळा रद्द, करार रद्द, आणि मग खरंच बंद. दीडशे माणसं आहेत खाली. त्यांना तुम्हीच समजावून सांगा. माझ्याच्याने होणार नाही, मी हळवा आहे."

बाई उठल्या आणि प्रसाधनगृहात गेल्या. हात स्वच्छ होते, तरी त्यांनी ते दोनदा धुतले. साबणाच्या डबीत साबण नव्हता. साबणाची खरेदी बंद करून सहा महिने झाले होते. मगांसाठी मात्र पैसे निघाले होते. आरशाकडे न बघता त्या बाहेर आल्या.

जिन्यात पंच भेटले. ते भेटले नाहीत, थांबलेच होते.

"तुम्हाला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांना माहीत आहे. जाहिरातवाल्यांनी मंगळवारीच सांगितलं."

"आणि कुणाला काही वाटत नाही?"

"वाटतं ना. बरं वाटतं."

बाई कठड्याला टेकल्या. पंच एक पायरी खाली उतरले, म्हणजे त्यांचं डोकं बाईंच्या खांद्याशी आलं. मागायला आलेला माणूस आपोआप खालच्या पायरीवर जातो.

"बाई, मी या वयात कुठे जाऊ? घराचे हप्ते बाकी आहेत. मोठी आत्ता कुठे कॉलेजात गेली, धाकटीला दातांना तारा लावायच्यात, तुमच्याच मिस्टरांकडे. क्रीडापानावर मी इतकी वर्षं काढली. सामने आधीच ठरलेले असतात, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी रंगून जाऊन लिहायचो. 'श्वास रोखून धरायला लावणारी झुंज.' एक निरोप ठरवून झाला तर आभाळ कोसळत नाही."

"पण हे मी मनापासून लिहिलं होतं हो."

"मग मनापासून वाचा. अडचण काय आहे?"

पंच म्हणत होते त्यात चूक शोधायची, तर फार खाली खणावं लागलं असतं.

घरी त्या जेवल्या नाहीत. नवऱ्याने ताट झाकून ठेवलं आणि समोर बसला.

"मी खरं सांगणार आहे," बाई म्हणाल्या. "तिथेच. व्यासपीठावरून."

"बरं."

"नुसतं बरं काय? नोकऱ्या जातील लोकांच्या. पंचांच्या धाकटीच्या तारा तुझ्याकडेच आहेत."

"तारांचं मी बघतो. बाकीच्या एकशे एकोणपन्नास जणांचं तू बघ."

"तू मला अडवतोयस की पाठिंबा देतोयस?"

"मला कळत नाहीये गं अजून," नवरा म्हणाला. "एवढंच सांग, मी पुढे बसू की मागे?"

"का?"

"मागे दार जवळ असतं. पळायला बरं."

---

रविवारी सभागृह गच्च भरलं. दाराशी पांढऱ्या फुलांची कमान, कमानीशेजारी मगांचं टेबल, टेबलाशेजारी मोठ्या मापाचे सदरे पुन्हा आले असल्याचा फलक. व्यासपीठाच्या एका बाजूला व्हायोलिनवाला बसला होता आणि कुणी चालत आलं की हळूच गज ओढत होता. पहिल्या रांगेत गादी कंपनी, रुग्णालय आणि विमा कंपनी यांचे प्रतिनिधी होते. दुसऱ्या रांगेत कर्मचारी कुटुंबासह. पंचांच्या दोन्ही मुली सारख्या झग्यांत होत्या. त्यांची बायको बाईंकडे बघून हसली, आणि मग हसावं की नाही अशा शंकेने थांबली.

"आता आपण सगळे एक मिनिट मौन पाळू," निवेदक म्हणाला. "मौनाचे प्रायोजक आहेत..." आणि त्याने एका श्रवणयंत्राच्या कंपनीचं नाव घेतलं. कुणीही हसलं नाही. सभागृह उभं राहिलं. मौनाच्या अखेरीस पडद्यावर यंत्राचं चित्र आलं.

मग बाईंचं नाव पुकारलं गेलं. त्या व्यासपीठाच्या मध्यावर गेल्या. हातात लेखाचा कागद होता. विंगेत धाकटे उभे होते, त्यांच्या मागे वाढपी. वरच्या मजल्यावरचे काका चौथ्या रांगेत, हातरुमाल उलगडून तयार. सगळ्या सभागृहातच हातरुमाल बाहेर निघालेले दिसत होते, जेवणापूर्वी पंगतीत पानं मांडावीत तसे.

बाईंनी कागद उलगडला नाही.

"मला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं आवाज कापेल. तो कापला नाही. "आज शेवटचा अंक नाही. उद्या अंक निघणार आहे, परवाही निघणार आहे. पुढच्या वर्षापर्यंतच्या जाहिराती घेऊन झाल्या आहेत. हा निरोप खोटा आहे. वर्षअखेरीपर्यंत असे आणखी दोन होतील, त्यांचीही तिकिटं असतील. आपण बंद होत नाही आहोत. तुम्हाला हे सांगितल्यावाचून मला हा कागद वाचता येणार नाही."

व्हायोलिनवाल्याचा गज हवेत थांबला. विंगेत धाकट्यांनी वाढप्याचा दंड धरला. पंचांनी मान खाली घातली आणि धाकटीच्या झग्याची नाडी बोटाला गुंडाळू लागले.

आता ओरडतील, बाईंना वाटलं. खुर्च्या सरकतील, कुणीतरी 'लाज वाटत नाही का' म्हणेल. त्यासाठी त्यांनी पाय रोवले होते. पाठीवरून गुरुवारपासूनचं ओझं उतरत होतं आणि त्यांना फार हलकं वाटत होतं.

कुणी ओरडलं नाही. सभागृहात एक वेगळीच कुजबूज सुरू झाली. अत्यवस्थ नातेवाइकाला बघायला फळं घेऊन गेलेल्या माणसांना, त्याच नातेवाइकाने लुंगी सावरत दार उघडावं, तसे चेहरे झाले होते. दुसऱ्या बाजूच्या एका बाईने रुमाल पर्समध्ये परत टाकला आणि पर्सचा खटका लावला. तो खटका व्यासपीठापर्यंत ऐकू आला.

चौथ्या रांगेतून काका उठले.

"म्हणजे वहिनी, चालूच राहणार?"

"हो, काका."

"नक्की?"

"नक्की."

"अच्छा," काका म्हणाले. ते काही वेळ उभेच राहिले. बसावं की आनंद व्यक्त करावा, हे त्यांना कळेना. "मग आम्ही आज आलो कशाला?"

त्यांच्या मागून कुणीतरी म्हणालं, "निदान वाचा तरी! लांबून आलोय." आणि तीन-चार आवाजांनी त्याला दुजोरा दिला. "वाचा हो बाई! पुढचं पुढे बघू." कुणालाही राग आलेला नव्हता. गैरसोय झाली होती, एवढंच.

बाईंनी सभागृहावरून नजर फिरवली. इतके लोक. इतके चांगले कपडे घातलेले, वेळेवर आलेले, रडायला तयार असलेले लोक. त्यांच्या मनात एक प्रश्न आला, आणि तो मनात राहायच्या आत माइकमधून बाहेर गेला.

"तुमच्यापैकी हे दैनिक रोज विकत घेऊन वाचणारे किती आहेत? हात वर करा."

कुजबूज थांबली. लोक एकमेकांकडे बघू लागले, आपल्या वतीने शेजाऱ्याने हात वर करावा अशा आशेने. काका हळूच खाली बसले. पंचांनी हात अर्धा उचलला, मग त्यांना अंक फुकट मिळतो हे आठवलं असावं. त्यांनी त्याच हाताने डोकं खाजवलं. गादी कंपनीच्या प्रतिनिधीने फोन काढला. धाकटे विंगेतून पुढे वाकून मोजायला लागले होते, आणि त्यांना मोजायला काही सापडत नव्हतं.

सगळ्यात मागे, दाराजवळ, एक हात वर गेला.

बाईंनी डोळे बारीक केले. त्यांचा नवरा होता. घरी तर अंक कचेरीकडून फुकट येत असे. दवाखान्यात बाकावर एक अंक पडलेला असतो, तो नवरा घरूनच नेत असेल, असं त्या धरून चालल्या होत्या. तो खरंच कोपऱ्यावरच्या स्टॉलवरून रोज एक विकत घेत होता की आज बाईंसाठी साफ खोटं बोलत होता, हे एवढ्या लांबून ओळखता येण्यासारखं नव्हतं. चेहरा दात काढताना असतो तसाच होता.

बाईंनी पुन्हा एकदा सभागृहावरून नजर नेली. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. गुरुवारपासून त्यांना वाटत होतं की या लोकांना फसवलं जातंय. आता लक्षात आलं, की फसवायलाही कुणीतरी वाचक लागतो. दैनिक केव्हाच गेलं होतं. कुणीतरी कधीतरी, एका सकाळी चष्म्याच्या निमित्ताने, एका सकाळी रद्दीच्या कंटाळ्याने, एकेक करून त्याला सोडून गेलं होतं, आणि खाली दीडशे माणसं रोज त्याला आंघोळ घालून कपडे चढवत होती. धाकट्यांनी खोटं सांगितलं असेल. पण कागदावर लिहिलेलं खोटं नव्हतं. फक्त तारीख चुकली होती. बरीच चुकली होती.

त्यांनी कागद उलगडला. चष्मा लावला. राग उतरला नव्हता. तो आता फक्त विंगेकडे बोट दाखवत नव्हता, एवढाच फरक पडला होता.

त्या वाचू लागल्या.

पहिल्या दोन वाक्यांतच पर्सचे खटके उघडल्याचे आवाज आले. व्हायोलिनवाल्याने गज टेकवला. काकांनी चष्मा काढून डोळ्यांना रुमाल लावला. पंचांची बायको रडायला लागली, तिला बघून मुली. विंगेत धाकटे रडत होते, अगदी खरंखुरं, वाढप्याच्या खांद्यावर. तिसऱ्या परिच्छेदाला बाईंचाही आवाज दाटून आला. त्यांनी तो मुद्दाम आणला नव्हता. तो बरोबर जिथे यायला हवा होता तिथे आला.

पान संपत आलं तेव्हा त्यांनी एकदा मान वर केली. सगळे खाली बघून डोळे पुसत होते. दाराजवळ नवऱ्याचा हात अजून वरच होता.

बाईंनी भुवयांनी खूण केली, खाली घे.

त्याने घेतला नाही.